लाकूड जाड आहे म्हणून घर भूकंपात टिकेल? काका, नाही!

काकांनी फॅमिली ग्रुपवर परत तोच व्हिडिओ टाकलाय. अमेरिकेत पूर्वी 'टू बाय फोर' म्हणजे खरंच २ इंच बाय ४ इंच लाकूड मिळायचं, आता दीड बाय साडेतीन देऊन फसवतात, म्हणून जुनी घरं जास्त मजबूत. आणि खाली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या दादाला सांगितलंय, तुझं घर १९२४ चं आहे, फाउंडेशन बोल्टिंगवर, म्हणजे घर पायाला बोल्टने घट्ट धरण्यावर, पैसे घालवू नकोस. हे वाचून मात्र गप्प बसवेना.

फसवणूक वगैरे काही नाही. टू बाय फोर हे ओल्या, खरखरीत लाकडाचं नाव, वाळून आकसलं आणि रंधा मारला की कमी भरतं. अमेरिकेच्या सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने १९६४ मध्ये या मापांचा अख्खा इतिहास छापलाय, तो वाचा. आधी मिलगणिक माप वेगळं, १९२४ च्या स्टँडर्डमध्ये जाडी १ पूर्णांक ५/८ इंच ठरली. दीड इंच आलं १९७० च्या स्टँडर्डमध्ये. म्हणजे दादाच्या भिंतीत पूर्ण २ इंच असेलच असं नाही, टेप लावून बघावं.

जुन्या जंगलातलं लाकूड दाट असायचं हे खरं, आणि पूर्ण २ बाय ४ चा तुकडा वाकायला आजच्याच्या जवळजवळ दुप्पट ताठ, हेही मान्य. पण आज बाहेरच्या भिंतींना बरेचदा टू बाय सिक्स वापरतात, तो त्या जुन्या पूर्ण २ बाय ४ हूनही जवळजवळ दुप्पट ताठ भरतो.

आणि मुळात भूकंपात स्टड (भिंतीतले उभे लाकडी खांब) मोडून घर पडतं हे कुणी सांगितलं? कॅलिफोर्नियातल्या १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात सांताक्रूझ, वॉटसनव्हिलकडची जुनी लाकडी घरं अख्खीच्या अख्खी पायावरून घसरली, कारण ती पायाला बोल्टने धरलेलीच नव्हती, किंवा जमिनीखालची बुटकी भिंत, जिला तिकडे क्रिपल वॉल म्हणतात, ती आडवी झाली. वरचं लाकूड कितीही जाड असू दे, घर नुसतं पायावर ठेवलेलं असेल तर ते सरकणारच! उलट जाड लाकडाचं वजन वाढतं, म्हणजे धक्काही जास्त. दादाचं घर तर हेवर्ड फॉल्ट या भूकंपाच्या भेगेच्या पट्ट्यात. कॅलिफोर्नियात याच कामासाठी 'अर्थक्वेक ब्रेस अँड बोल्ट' योजना आहे, पात्र घरांना ३००० डॉलरपर्यंत मिळतात, ते काय उगाच देतात?

दादा, रविवारी टॉर्च घेऊन घराखाली जा, फाउंडेशनवर जे आडवं लाकूड बसवलंय त्यावर बोल्टचे नट दिसतात का बघ आणि फोटो ग्रुपवर टाक. नट नसतील तर कॉन्ट्रॅक्टरला हो म्हण, काकांशी मी बोलते.