‘खालून टाकलं की खांद्याला काही होत नाही’? होतं.

पाऊस सरला, मैदानं वाळली आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तो जुना संदेश पुन्हा फिरू लागला. बेसबॉलसारख्या सॉफ्टबॉलमध्ये नव्याने पिचिंग, म्हणजे फलंदाजाला खालून चेंडू टाकणं, शिकणाऱ्या मुलींसाठी त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. खालून चेंडू टाकणं नैसर्गिक असतं, खांद्याला इजा होत नाही, म्हणून रोज 200 चेंडू टाकू द्या. वेग मनगटाच्या झटक्यातून येतो. चेंडू सोडताना कंबर धाडकन बंद करा, म्हणजे आडवी वळलेली कंबर फलंदाजाकडे सरळ फिरवा. आणि शेवटी कोपर उचलून कॅचरला, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारीला, दाखवा.

गोव्यात फोंड्याला मी 12 ते 15 वर्षांच्या मुलींना शिकवते. यातली एकही गोष्ट मी त्यांना सांगत नाही.

पहिलीपासून सुरू करते, कारण नुकसान तिनेच सर्वांत जास्त होतं. अंगणात भावाला खालून चेंडू टाकणं वेगळं आणि पूर्ण गोल हात फिरवून केलेलं पिचिंग वेगळं. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल पहिल्यांदा आला, तेव्हा तिथल्या 24 पिचरांचं चित्रीकरण करून अभ्यासकांनी मोजमाप केलं. हात खांद्याच्या खोबणीतून बाहेर ओढणारा जोर शरीराच्या वजनाच्या सुमारे 80 टक्के निघाला. तो ताण झेलायला दंडाच्या पुढच्या स्नायूला झटावं लागतं. 2009 च्या एका अभ्यासात तर वरून फेकण्यापेक्षा या फेकीत तो स्नायू जास्त राबतो, असं दिसलं. म्हणूनच या मुलींचं दुखणं बहुधा खांद्याच्या पुढच्या बाजूला असतं. या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा पट्टा अजून कोवळा असतो, हेही विसरून चालणार नाही.

संदेशात दाखला दिलाय जपानच्या युकिको उएनोचा. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने मिळून 413 चेंडू टाकले आणि जपानने सुवर्ण जिंकलं. खरं आहे. पण तेव्हा ती 26 वर्षांची होती आणि ते ऑलिम्पिकचे निर्णायक सामने होते, आठवीतल्या मुलीचा रोजचा सराव नव्हे. आपल्याकडे बहुतेक शाळांच्या संघात पिचर एकच, आणि सामने आठवड्याभरात कोंबलेले. माझ्याकडची एक मुलगी रोज घरी 200 चा हिशेब पुरा करायची. तिसऱ्या सामन्याच्या सकाळी वेणी न घालताच आली. म्हणाली, "टीचर, हात वयर वचना." म्हणजे हात वर जात नाही. त्या दिवसापासून मी चेंडू मोजते. सरावाला 50-60, आणि लागोपाठ तिसऱ्या दिवशी पिचिंग नाही.

आता मनगट. मुलीला हात खाली धरून नुसत्या मनगटाने चेंडू टाकायला सांगा, चार पावलांवर पडेल. महिलांच्या सामन्यात पिचरला तो 43 फुटांवर पोचवायचा असतो. ओला टॉवेल झटकताना आपला हात थांबतो आणि टोक फटकन वाजतं, तसंच इथे घडतं. मागचा पाय पिचरच्या जागी जमिनीत बसवलेल्या पट्टीवरून जोर देतो, पुढचा पाय रोवला जातो, धड थांबतं, दंड अंगाजवळ येऊन मंदावतो, कोपराच्या पुढचा हात कंबरेला घासून आत वळतो आणि तो वेग चेंडूत उतरतो. मनगट सैल असलं की पुरे. कंबरेला घासून हातावर लाल वळ उठतात. आया घाबरून विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना सांगते की हात बरोबर जागेवरून जातोय. उलट मनगटाच्या झटक्याचा रोजचा सराव मुलीला तळहात कॅचरकडे ताठ धरायला शिकवतो आणि हे आतलं वळणच मारून टाकतो. एकदा लागलेली ती सवय सोडवायला महिने जातात. मला सर्वांत जास्त वाईट याचंच वाटतं, कारण या मुली मन लावून, घाम गाळून चुकीचं शिकतात.

कंबरेबद्दल थोडक्यात. चेंडू सुटताना ती अर्धी उघडीच हवी. आधीच बंद केली तर ती हाताच्या वाटेत येते, कोपराला वळसा घालावा लागतो आणि चेंडू भरकटतो.

कोपर उचलण्याचं तर काहीच कारण नाही. चेंडू हातातून सुटल्यावर त्याचा वेग वाढवता येत नाही. हात सैल असेल तर कोपर आपोआप वाकून अंगासमोरून जातं. ते मुद्दाम वर न्यायला लावलं की मुलगी चेंडू फेकायच्या ऐवजी ढकलायला लागते.

माझं खरं वाटत नसेल तर उजव्या हाताने टाकणाऱ्या मुलीचं तिसऱ्या बेसच्या बाजूने, म्हणजे कॅचरकडे तोंड केल्यावर तिच्या उजवीकडून, फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. हात मागे खांद्याच्या उंचीला आला की तळहात आभाळाकडे आहे का? चेंडू सुटताना हात कंबरेला घासतोय का? दोन्ही होत असेल तर हाताला हात लावू नका, पायांकडे बघा.