ट्री की अ‍ॅरे? तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया कालच वाचली होती, पण हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत डोकं शिल्लक नव्हतं म्हणून आत्ता लिहितोय. तुमचं म्हणणं असं की जीडीबी (प्रोग्राम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारा डीबगर) एक्स्प्रेशनचा, म्हणजे त्याला दिलेल्या हिशोबाचा, ट्री (फांद्या फुटत जाणारी मांडणी) बनवतो हे मी लेखात ठोकून दिलंय, खरं तर आत सपाट अ‍ॅरे (एका रांगेतले खण) आहे. आणि कंपायलरकडे पार्सर (लिहिलेल्या ओळीची फोड करणारा भाग) असताना डीबगरने दुसरा लिहिणं हा रिकामटेकडेपणा आहे.

पहिल्यात अर्धी चूक माझी. "पहिल्यापासून ट्री" असं लिहिलं होतं, ते खोडलंय. पण तुम्ही वाचलेलं डॉक्युमेंटही जुनं दिसतंय, कारण २०२१ मध्ये जीडीबी ११ आला तेव्हापासून प्रत्येक ऑपरेशन हा सी प्लस प्लसचा ऑब्जेक्ट आहे आणि तो स्वतःला इव्हॅल्युएट करतो (स्वतःची किंमत काढतो), म्हणजे ट्रीच की.

तो जुना अ‍ॅरे मात्र भारी प्रकार होता हां. "ए + बी * २" घ्या. बायसन या टूलने बनवलेला पार्सर खालून वर जातो, त्यामुळे आधी ऑपरंड (ए, बी, २) आणि मग ऑपरेटर (+, *) असं पडत जायचं, पण && (दोन्ही बाजू खऱ्या आहेत का) किंवा साइझऑफ (नुसता आकार किती) असेल तर ऑपरेटर आधी कळायला हवा, नाहीतर नको तेही इव्हॅल्युएट होऊन बसणार, म्हणून पार्सिंग झाल्यावर ऑपरेटर पुढे आणून सगळी रांग परत मांडायची. त्यासाठी शेवटाकडून वाचावं लागतं, म्हणून एका व्हेरिएबलला चार खण: ओपकोड (हे काय आहे ते सांगणारा कोड), ब्लॉक (कोडचा कुठला भाग), सिम्बॉल (व्हेरिएबलची नोंद) आणि परत तोच ओपकोड. आकड्यालाही चारच, + आणि * ला एकेक. एवढ्याशा एक्स्प्रेशनचे झाले १४ खण! शिवाय && ची डावी बाजू खोटी निघाली तरी उजवीवरून नुसतं "स्किप" करत चालत जावंच लागायचं, स्वारगेटहून कात्रजला निघालेली भरलेली बस पद्मावतीला थांबत नाही पण जाते तिथूनच, तसं. ट्रीमध्ये ती फांदी सोडली की विषय संपला.

आता रिकामटेकडेपणा. "(फू) * बार" हे कास्ट (किंमत दुसऱ्या टाइपमध्ये बदलणं) आहे की गुणाकार? फू टाइप असेल तर कास्ट, व्हेरिएबल असेल तर गुणाकार, आणि हे कंपायलर सोर्स बघून ठरवतो, जीडीबीचा लेक्सर (ओळीचे शब्द सुटे करणारा भाग) मात्र प्रोग्राम जिथे थांबलाय तिथल्या सिम्बॉल टेबलला (नावांच्या यादीला) विचारतो. म्हणजे तीच ओळ दोन ब्रेकपॉइंटवर (थांबायच्या जागांवर) दोन तऱ्हेने पार्स होऊ शकते. शिवाय "*पी@५" लिहून सलग ५ घटक बघायचे किंवा "$१" लिहून आधीचं उत्तर परत वापरायचं, हे सी मध्ये आहेच कुठे? एलएलडीबी हा दुसरा डीबगर क्लँग या कंपायलरलाच कामाला लावतो, मान्य, तोही रस्ता आहे. पण जीडीबीला फोर्ट्रान, पास्कल, एडा, रस्ट सगळेच सांभाळायचेत.

माझ्यावर विश्वास नका ठेवू. "सेट डीबग एक्स्प्रेशन १" टाइप करा आणि काहीही प्रिंट करा, अख्खा ट्री समोर येईल. जीडीबी १० कुठे पडलेला सापडला तर त्यावरही करून बघा, तिथे तुमचा अ‍ॅरे दिसेल, रांग बदलायच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही.