आधी पाढे, मग भावना? त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी एक मेसेज टाकला, मग तोच माहेरच्या ग्रुपवर आला, मग डीएडच्या बॅचच्या ग्रुपवर, म्हणजे निम्म्या पुण्याने वाचला असणार. थोडक्यात असा: ‘महापालिकेच्या शाळांत आता गणिताचा वेळ कापून भावनांचा तास. अमेरिकेतलं फॅड! पाचवीच्या पोराला भागाकार येत नाही आणि बाई विचारतात आज तुला कसं वाटतंय. संस्कार घरी होतात. आम्हाला मास्तरांनी फोडून काढलं, आम्ही बिघडलो का? इंग्लंडात तर हे फेल गेलंय. पटलं तर पुढे पाठवा.’

मी सोळा वर्षं मनपाच्या शाळेत शिकवलं, आता तीन वर्षं शाळाशाळांत जाऊन शिक्षकांबरोबर हेच काम करते, म्हणजे मुलांनी आपल्या भावना ओळखणं, सांगणं आणि दुसऱ्याशी नीट वागणं, ज्याला कागदावर ‘सामाजिक-भावनिक अध्ययन’ असं जडजंबाल नाव आहे, त्यामुळे गप्प बसवेना. काका, राग मानू नका, एकेक घेते.

‘अमेरिकेतलं फॅड.’

नाव अमेरिकेतलं आहे, १९९४ मधलं, मान्य. पण आपला शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याचं २९ वं कलम वाचा. मूल भीती, दडपण, चिंता यांतून मोकळं व्हावं आणि त्याला आपलं म्हणणं मोकळेपणी मांडता यावं असं तिथे लिहिलंय, आणि तो कायदा दिल्लीतल्या संसदेत झालाय, वॉशिंग्टनला नाही. त्याच २००९ साली आपल्या पुण्यातल्याच शांतीलाल मुथ्था फाउंडेशनने बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा असाच कार्यक्रम सुरू केला. दिल्ली सरकारने २०१८ च्या जुलैत हॅपिनेस करिक्युलम, म्हणजे शाळेत आनंदाचा तास, आणलं तेव्हा उद्घाटनाला दलाई लामा होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हे आहे. राज्य सरकारचा ‘आनंददायी शनिवार’ २०२४ चा. आता यातलं फॅड नक्की कुठलं?

आणि अमेरिका काढलीतच तर पूर्ण ऐका. १९६८ साली येल विद्यापीठातले जेम्स कोमर नावाचे एक कृष्णवर्णीय बालमानसतज्ज्ञ त्यांच्याच न्यू हेवन शहरातल्या दोन सरकारी शाळांत गेले. मुलं जवळपास सगळी गरीब आणि कृष्णवर्णीय, हजेरीत आणि मार्कांत शहरात तळाला, वर्गात रोज राडा. त्यांनी काय केलं असेल? भावनांचा तास नाही लावला. आधी मोठ्यांना एका टेबलाशी बसवलं, मुख्याध्यापक, शिक्षक, पालक, समुपदेशक, आणि शाळा कशी चालवायची ते मिळून ठरवायचं, एकमेकांवर खापर फोडायचं नाही असा नियम. पहिलं वर्ष फार वाईट गेलं, पालक चिडले, शिक्षक चिडले. पण पुढच्या काही वर्षांत भांडणं कमी झाली, हजेरी वाढली, मार्कही वाढले. माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे की हे काम मोठ्यांपासून सुरू होतं, आणि ते मोठे कोण तर आधी मुख्याध्यापक. त्यावर शेवटी येते.

‘गणिताचा वेळ कापून.’

मी ज्या शाळांत जाते तिथे गणिताचा तास कापलेला मी पाहिला नाही. परिपाठातली दहा मिनिटं असतात, आणि हजेरी. एका बाईंनी हजेरीचीच युक्ती केली, ‘हजर’ म्हणण्याऐवजी मुलांनी एक ते पाच आकडा सांगायचा, पाच म्हणजे मस्त, एक म्हणजे आज नको. वेगळा वेळ शून्य मिनिटं. एक मुलगी ओळीने आठ-नऊ दिवस ‘दोन’ म्हणत होती, बाईंनी मधल्या सुट्टीत विचारलं तर कळलं की आई ससून हॉस्पिटलला ॲडमिट आहे आणि ही घरी स्वयंपाक करून शाळेत येते. गृहपाठ का होत नाही यावर आधी तिला तीनदा उभं केलेलं होतं.

भागाकार येत नाही ही काळजी मात्र खरी आहे, त्यात मी काकांच्या बाजूने आहे. पण का येत नाही? २०१९ च्या २५ सप्टेंबरला रात्री आंबिल ओढ्याला पूर आला ते पुण्यातल्यांना सांगायला नको, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी. तेव्हा माझ्याकडे चौथी होती आणि बरीच मुलं ओढ्याकाठची. शाळा परत सुरू झाली, मी हातचा घेऊन वजाबाकी घेत होते आणि बाहेर सर आली. जोराची पण नव्हती. अख्खा वर्ग खिडकीकडे, एक मुलगा दप्तर आवरायला लागला, एकाने चड्डीत केली. आठवड्यापूर्वी ज्यांना वजाबाकी येत होती त्यांना ती येईना, कारण डोक्यात हातचा धरून ठेवायला जी जागा लागते ती जागा भीतीने भरली होती. मी काही ग्रेट केलं नाही, फळा पुसला आणि विचारलं त्या रात्री कोण कुठे होतं. दोन दिवस गेले त्यात. मग वजाबाकी झाली.

हे माझ्या एका वर्गाचं झालं. मोठा आकडा हवा तर २०११ साली अमेरिकेत २१३ अशा कार्यक्रमांचे निकाल एकत्र करून तपासले, २ लाख ७० हजारांवर मुलं होती. ज्यांना हे शिकवलं ती अभ्यासातही सरासरी ११ पर्सेंटाइल पुढे गेली, म्हणजे शंभरात बरोबर मधे उभा असलेला मुलगा आणखी साधारण अकरा जणांना मागे टाकतो. आता ती शाळा तिकडची, पट तिकडचा, आपल्याकडे तसंच्या तसं होईल असं मी म्हणणार नाही. पण अभ्यास बुडतो म्हणता तर निकाल उलटा आहे. त्यातच हेही दिसलं की वर्गशिक्षक स्वतः घेतात तेव्हा फायदा होतो, आणि राबवण्यात गडबड झाली की फायदा घटतो.

‘संस्कार घरी होतात.’

होतात की. कोण नाही म्हणतंय. पण ज्या घरी आई सकाळी सहाला चार घरची धुणीभांडी करायला बाहेर पडते आणि वडील वॉचमनची नाइट करून झोपलेले असतात तिथे शाळेचे पाच तास हेच मुलाचे मोठ्या माणसांबरोबरचे सलग तास असतात. आणि हे संस्कार नव्हेतच हो, हे शब्द आहेत. मुलांना विचारा कसं वाटतंय, तीन उत्तरं येतात, ‘बोर’, ‘टेन्शन’, ‘राग आला’. बास. आणि शब्द नसला की हात चालतो. एवढी श्रीमंत आपली भाषा, रुसवा वेगळा, चीड वेगळी, हिरमोड वेगळा, धास्ती वेगळी, खट्टू होणं, कानकोंडं होणं, घुसमट, हुरहुर, आणि आम्ही पोरांना इंग्रजीतून आणलेले पिवळे हसरे-रडके चेहरे चिकटवून देतो. मी आता तक्ते नेतच नाही, शब्द नेते. सहावीतल्या एका मुलाला ‘कानकोंडं’ इतका आवडला की फी माफीच्या फॉर्मसाठी सगळ्यांसमोर नाव पुकारलं तेव्हा त्याने नंतर येऊन बाईंना सांगितलं, मला कानकोंडं झालं. बाईंनी पुढच्या वेळी फॉर्म बाजूला बोलावून दिले. (प्रशिक्षणाच्या मॉड्यूलमध्ये याला ‘स्व-व्यवस्थापन’ असं छापलेलं असतं, ते मुलांनाही कळत नाही, बाईंनाही नाही आणि मलाही थांबून आठवावं लागतं.)

‘आम्हाला फोडून काढलं, बिघडलो का?’

यावर फार नाही बोलत. कलम १७ ने शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहे, विषय संपला. आणि बिघडलात असं नाही काका, पण मागच्या महिन्यात पार्किंगवरून तुमचं आणि बी विंगवाल्यांचं जे झालं ते मी गॅलरीतून पाहिलंय.

‘इंग्लंडात फेल गेलं.’

अर्धं खरं. ८४ शाळांत, आठ हजारांवर मुलांवर मोठा प्रयोग झाला, निकाल २०२२ मध्ये आले. पण तपासलं होतं माइंडफुलनेस, म्हणजे श्वासावर लक्ष वगैरे. आणि तुलना कशाशी होती? त्या शाळांत जे नेहमीचं सामाजिक-भावनिक शिक्षण चालू होतं त्याच्याशी! त्याहून माइंडफुलनेस सरस ठरलं नाही, एवढाच निकाल. म्हणजे फॉरवर्डमध्ये जे फेल म्हणून छापलंय ते प्रयोगात दुसऱ्या पारड्यात बसलं होतं. डोळे मिटून दहा मिनिटं बसवलं की पोरं शांत होतील असं विकणाऱ्यांना मात्र ही चपराक आहे, आणि ते आपल्याकडेही भरपूर आहेत.

आता जे फॉरवर्डमध्ये नाही ते मीच सांगते, कारण टीका करायचीच तर खऱ्या जागी करा. एका शाळेत, नाव घेत नाही, मंगळवारी संस्थेची ताई येऊन ‘एकमेकांचा आदर’ घ्यायची, वर्गशिक्षिका मागच्या बाकावर ऑनलाइन माहिती भरत बसायच्या (त्यांचाही दोष नाही, दुपारपर्यंत पाठवा असा मेसेज आलेला असायचा), फोटो निघायचे, आणि नेमके त्याच वेळी व्हरांड्यात मुख्याध्यापक सेविका मावशींवर ओरडत असायचे. मुलांनी आदर कोणाकडून शिकायचा, तक्त्यावरून की व्हरांड्यातून? वर्षभर तो तास झाला. अहवालात सगळं हिरवं.

दुसरी एक शाळा सकाळच्या सत्रातली. मुख्याध्यापिकांनी तास वगैरे काही लावला नाही, आधी गेटचा नियम बदलला. उशिरा आलेल्यांना बाहेर उभं करायचे, त्यांनी पंधरा दिवस स्वतः गेटवर थांबून कारणं लिहून घेतली. कोणी नळाला पाणी येईपर्यंत थांबलेलं, कोणी धाकट्याला बालवाडीत सोडून आलेलं. मग नियम केला, आधी आत या, बसा, कारण मधल्या सुट्टीत. स्टाफ मीटिंगची सुरुवातही आकड्यानेच, प्रत्येक शिक्षकाने एक ते पाच सांगायचं. पहिले दोन महिने सगळे ‘पाच’ म्हणायचे. खोटं.

मग एके दिवशी बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या, कामावरून याच मुख्याध्यापिकांचं डोकं फिरलं आणि त्यासुद्धा मुलांसमोर मावशींवर ओरडल्या. दुसऱ्या दिवशी परिपाठात माइक घेऊन म्हणाल्या, काल माझं चुकलं, मावशींची माफी मागते. मैदानात चिडीचूप. सातवीतला एक जण रांगेतूनच म्हणाला, मॅडम, आज तुमचा आकडा किती?

‘दोन.’

‘बरं,’ म्हणाला, आणि प्रार्थना सुरू झाली.