थंड पाण्याने रक्तवाहिन्या फुटत नाहीत

उन्हाळी शिबिरं सुरू झाली की पालकांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. पारा 40 च्या वर असताना थंड पाणी प्यायलं तर बारीक रक्तवाहिन्या फुटतात, उन्हातून आल्यावर अर्धा तास हातपाय धुऊ नयेत, पाणी कोमटच आणि थोडं-थोडं प्यावं. अकोल्यात मी मुलींना खो-खो शिकवते. परवा एक मुलगी माठापर्यंत गेली आणि तशीच परत आली, कारण आईने बजावलं होतं.

गारव्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, हे खरं. पण आकसणं म्हणजे फुटणं नव्हे. अमेरिकेत फाल्मथला दर ऑगस्टमध्ये धावण्याची शर्यत होते. तिथे 18 वर्षांत उष्माघाताच्या 274 रुग्णांना बर्फाच्या पाण्यात बसवलं गेलं. एकही दगावला नाही.

अर्ध्या तासाच्या सल्ल्याची मला खरी भीती वाटते. उष्माघातात अंगातलं तापमान 40 च्या पुढे जातं. मूल भलतंच बोलू लागतं, खो मिळाल्यावर उलट्या दिशेला धावतं, तोल जातो. अंग कोरडं असेलच असं नाही, खेळणारं मूल घामाने भिजलेलं असतानाही उष्माघात होतो. त्याला वाचवायला तोच अर्धा तास हाताशी असतो! एकाने 108 ला फोन लावायचा, बाकीच्यांनी मुलाला सावलीत नेऊन लगेच गार पाण्यात गळ्यापर्यंत बसवायचं, डोकं धरून ठेवायचं. टब नसेल तर बादल्यांवर बादल्या ओतायच्या. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात मात्र थेंबही घालायचा नाही.

मेसेजमधलं थोडं-थोडं पाणी पिणं बरोबर आहे. एकदम तांब्याभर प्यायल्यावर पळताना पोट जड होतं. गाडीवरच्या बर्फाचं पाणी कुठलं असतं हे कळत नाही, म्हणून तो मीही टाळते. पण कोमट पाणी मुलं नाइलाजाने दोन घोट पितात आणि ठेवून देतात. माठातलं पितात.

काही पालक म्हणतात, तहान मारल्याने उन्हाची सवय होते. सवय होते ती 7 ते 14 दिवस सराव हळूहळू वाढवल्याने. शरीर लवकर घामेजायला शिकतं, म्हणजे त्याला पाणी उलट जास्तच लागतं.

आमचा सराव सकाळी 6 ते साडेसात. दर 15 मिनिटांनी पाण्याची शिट्टी होते. माठाशेजारी आता गार पाण्याचा टबही भरून ठेवलाय, एक मुलगी बसेल एवढा.