म्हणे कोझुमेलला उतरूच नका!

आज सकाळी आमच्या ह्यूस्टनच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "गॅल्व्हेस्टनहून क्रूझ घेताय ना, मग कोझुमेलला उतरूच नका. काही नाही तिथे. त्या दिवशी जहाज रिकामं असतं, पूल मोकळा मिळतो." खाली धडाधड अंगठे पडले. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

काही नाही म्हणजे काय? मेक्सिकोचं अख्खं बेट आहे, माणसं राहतात तिथे!

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन गेले होते. धक्क्यावर उतरलं की हिऱ्यांची दुकानं, टकीलाची दुकानं, हाका मारणारे टॅक्सीवाले. मान्य. तिथूनच माघारी फिरलात तर तेवढंच दिसणार. आम्ही समुद्राकडे पाठ केली आणि सान मिगेल गावात काही चौक आत, थेट मंडई गाठली. थांबत थांबत, आईच्या गुडघ्यांच्या चालीने.

तिथे एक बाई मक्याच्या तोर्तिया करत होती. प्लास्टिकच्या कागदावर गोळा ठेवायचा, कागद फिरवत बोटांनी थापायचा. आई थबकलीच. "अगं, ही तर थालीपीठ थापतेय!" बाईने आईकडे पाहिलं, एक गोळा उचलला आणि सरळ तिच्या हातावर ठेवला. आईने थापलं. कड जाड राहिली, तर बाईने स्वतःच्या बोटाने दाबून दाखवली. तव्यावर उलटल्यावर ती टम्म फुगली आणि दोघी एकदमच हसल्या. एकीला मराठी येतं, दुसरीला स्पॅनिश. पण मका चुन्यात शिजवतात हे सुद्धा आईला कळलं, कारण बाईने पातेल्यावरचं झाकण काढून दाखवलं.

ह्यूस्टनला माझ्याकडे येऊन आईला पाच महिने झाले होते. माझा ओटा सोडून दुसऱ्या कुणाच्या चुलीपाशी ती उभी राहिली नव्हती. हे मला त्या मंडईत समजलं.

आणि तुम्ही म्हणता, काही नाही!

अहो, आपला घोलवडचा चिकू मूळचा या भागातला. मिरची, पपई, पेरू, सगळं अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेलं. याच बेटावर सान हेर्वासिओला इश्चेल देवीचं ठाणं होतं, बाळंतपणाची आणि विणकामाची देवी. प्राचीन माया समाजातल्या बायका तिच्या दर्शनाला मुख्य भूमीवरून समुद्र ओलांडून होड्यांतून यायच्या. आईच्या गुडघ्यांमुळे आमचं तिथे जाणं राहिलं, त्याची चुटपुट अजून आहे.

राग आणखी एका गोष्टीचा आहे. त्याच दिवशी आपलीच काही मंडळी एका म्हातारीशी भरतकामाच्या कापडावरून हुज्जत घालत होती. हजारो डॉलरचं तिकीट काढून आलेली माणसं दोन डॉलरसाठी अडली होती. मान खाली घालून मी पुढे गेले.

बरं, ऊन कडक असतं. शाकाहारी असाल तर घेवड्याच्या उसळीतही डुकराची चरबी असू शकते, विचारून घ्यावं लागतं. जहाज चुकण्याची भीतीही खरी आहे. हिवाळ्यात तिथलं घड्याळ ह्यूस्टनच्या एक तास पुढे असतं, म्हणून मोबाइल बाजूला ठेवून जहाजाची वेळ मनगटावर लावा. पण एवढ्यासाठी उतरायचंच नाही?

आई आता सांगलीला परतलीये. परवा फोनवर म्हणाली, "त्या बाईला आपला फोटो पाठवता येईल का गं?" पत्ता नाही, नाव विचारायचं राहून गेलं.

या डिसेंबरात कुणी जाणार असेल तर मला कळवा. दोघींचा तव्यापाशी उभा असलेला फोटो छापून ठेवलाय. मंडईत शिरल्यावर डाव्या हाताला तिसरा गाळा. तिच्या हातात द्या, बस.