घरचा पेशंट

मुलगी एमबीबीएसला लागली तेव्हा "आता घरचा डॉक्टर!" म्हणत नातेवाइकांनी पेढे हाणले. डॉक्टर घडायला आधी घरचा पेशंट लागतो, हे कुणी बोललं नाही. ते पद घरातल्या सर्वांत मोठ्या पोटाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

तिच्या नवी मुंबईच्या कॉलेजात स्किल लॅब आहे. तिथे सुया टोचायला रबरी हात आणि छाती दाबायला बाहुली असते. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं. ही बाहुली, अ‍ॅन तिचं नाव, १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल नावाच्या खेळणीवाल्यानं आणली. त्याला माझा दंडवत, कारण जिवंत माणसावर हा धडा गिरवायचा नसतो. बाकी सगळे माझ्यावर. टाके तेवढे केळ्याच्या सालीवर. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर मी हल्ली गोड नव्हे, जाड सालीची केळी मागतो.

खरी गंमत ऑस्की नावाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या तयारीची. या परीक्षेत हात धुण्याला, नाव सांगण्याला, परवानगी घेण्यालाही मार्क.

"नमस्कार काका, मी तुमचं पोट तपासू का?"

"काका?"

"बाबा, रोलमध्ये राहा ना!"

मग डावा पंजा पोटावर पसरतो आणि उजव्या हाताचं मधलं बोट त्यावर ठकठक करत खाली सरकतं. पाण्याच्या टाकीवर आमचा वॉचमन ठोकतो तसं. यकृत कुठे संपतं ते आवाजावरून कळतं म्हणे.

धडधाकट माणसाला पेशंट म्हणून पढवायची टूम १९६३ साली लॉस एंजेलिसच्या डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी काढली. आमच्या चाळवजा सोसायटीत दारं उघडी असतात, हे त्यांना कुठून ठाऊक असणार! परवा माझ्या कागदावर कावीळ आणि व्यसन होतं. "दारू किती घेता?" लेकीनं विचारलं. "रोज एक क्वार्टर. पगाराच्या दिवशी दोन," मी जीव ओतून म्हणालो. दारात कोथिंबीर मागायला आलेल्या शेजारच्या वहिनी कोथिंबीर न घेताच परतल्या.

त्यात रविवारी भाचा आला. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात असतो. गाय गाभण आहे का, हे मागून हात घालून चाचपायला शिकतोय. ब्रिटनमध्ये सारा बेली या बाईंनी त्यासाठी संगणकावरची गाय केली आहे. यंत्रात बोट अडकवलं की गर्भाशय हाताला लागल्यासारखं वाटतं.

"आपल्याकडे ते मशीन नाही ना," तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मामा, जरा वेळ आहे का?"

मी चपला अडकवून तलावपाळी गाठली.