दादरा आणि ठोसे

बॉक्सिंगच्या क्लासला जाण्यामागचा माझा हेतू अगदी शुद्ध होता. कुणाला तरी बदडायचं, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. पण पोरसवदा कोचने मला मोठ्या बॅगेजवळ फिरकूच दिलं नाही. एका आडव्या लाकडी फळीखाली नेऊन उभं केलं. फळीला स्पीड बॅग लटकत होती. देठाला टांगलेलं भरताचं वांगं जसं. तिचा फुगीर भाग तोंडासमोर यावा लागतो. माझ्यासमोर आला तो कपाळाच्याही वर. मग पायाखाली वजनाच्या दोन प्लेटा सरकवण्यात आल्या. जिममधल्या प्लेटांचा मी आजवर केलेला एवढाच वापर.

"काका, हळूच हं," तो म्हणाला. हळूच मारलं, तर बॅगेने हळूच माझं नाक गाठलं.

ठोसा मारला की बॅग फळीवर तीनदा आदळते: मागे, पुढे, पुन्हा मागे. तिसऱ्या आवाजानंतर ती तुमच्याकडे यायला निघते, तेव्हा पुढचा ठोसा. सम संख्येवर हात घातलात तर ती लांब पळत असते आणि मूठ नुसती हवा खाते. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, तो वेगच तसा. "काका, बघू नका, ऐका!" एरवी हे वाक्य मला घरी ऐकायला मिळतं.

घरीच उलगडा झाला. बायको तबला शिकवते. मोबाईलवरचा माझा व्हिडिओ तिने डोळे मिटून ऐकला. (बघण्यासारखं त्यात काही नव्हतंच.) "अरे, ती बिचारी दादरा वाजवतेय, धा धी ना, धा तू ना. तू त्यात तीनताल का घुसडतोयस?" खरंच, मी मनातल्या मनात चार-चार मोजत होतो.

तेव्हापासून ओठांत धा धी ना, कोपरं खांद्याच्या उंचीला, मुठीचं छोटंसं वर्तुळ, करंगळीच्या बाजूने फटका. दोन उजव्या हाताने, दोन डाव्या. जोर लावायचाच नाही, आणि मी तर नेमका जोर काढायला आलो होतो! खांदे असे भरून येतात की घरी वरच्या फळीवरचा चिवड्याचा डबा आपोआप वर्ज्य होतो. वजन उतरलंच, तर श्रेय त्या फळीला.

परवा बॅग सलग वाजली. शेजारी दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी थांबून बघायला लागली. कोचने खूश होऊन लगेच ती बॅग उतरवली आणि तिच्याहून लहान टांगली. लहान बॅग जास्त वेगाने परतते, हे त्याने नंतर सांगितलं.

"म्हणजे द्रुत लय," बायको म्हणाली. "नाक सांभाळ."